दुसरा दोर : अणुवीजकेंद्रांतील आग आणि तिचा बंदोबस्त

मार्गशीर्ष लागला कीं खानदेशांतील आप्तांकडून भरताचें आमंत्रण येतें, आणि तें आलें म्हणजे आमचे पाय आपोआप जळगांवच्या वाटेला लागतात. जळगांवापासून तीन-चार मैलांवर असोदा हें आमचें आजोळ. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं याच गांवीं झाला, हें वाचकांस ठाऊक असेलच. गांवाची दुसरी कीर्ति वांग्यांची. हिरव्या-पांढुरक्या सालीचीं, एका ओंजळींत न मावणारीं तीं वांगीं मळ्यांत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, सोलतात, हिरव्या मिरच्या घालून लाकडी काठवटींत ठेंचतात; आणि मग पंगतीला बसलेला मनुष्य वाढणाराला 'पुरे' म्हणावयास विसरतो.

मागील खेपेस त्या जाळाभोवतीं घरची सर्व मंडळी बसली होती. पऱ्हाट्या भडकून जळाल्या, ज्वाळा निवाल्या, वर राखेचा थर जमला. आमच्या भाच्याची आठ वर्षांची मुलगी काठीनें राख उकरून पाहत होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, आग तर केव्हांच विझली; मग वांगें अजून कसें भाजतें आहे?"

"पोरी, जाळ विझला, विस्तव विझला नाहीं," असें सांगून आम्हीं तिचें समाधान केलें. परंतु तें उत्तर देतांना आमच्या मनांत मळ्यांतला जाळ नव्हता. तापीच्याच कांठीं, असोद्याच्या पुष्कळ खालीं, माणसानें पेटविलेली एक निराळी चूल आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली होती. तिचाहि जाळ क्षणांत विझवितां येतो; विस्तव मात्र विझत नाहीं. अशा चुलीच्या घरांत आग लागली तर काय होतें, आणि ती लागूं नये व लागलीच तर आवरतां यावी म्हणून कोणकोणती तजवीज ठेवावी लागते, हें आज वाचकांस सांगण्याचा विचार आहे.

तापीकांठची चूल

असोद्याच्या उत्तरेस थोड्या मैलांवरून तापी वाहते. खानदेश ओलांडून ती गुजराथेंत शिरते, उकाईच्या धरणांत विसांवते आणि पुढें काक्रापारच्या बंधाऱ्याशीं येते. तेथें, सुरत जिल्ह्यांत, काक्रापारचें अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या प्रत्येकीं २२० मेगावॉटच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९९३ व १९९५ सालीं, आणि प्रत्येकीं ७०० मेगावॉटच्या पुढील दोन २०२३ व २०२४ सालीं व्यापारी उत्पादनास लागल्या. केंद्राला लागणारें पाणी तापीच्याच कालव्याचें. आपल्या महाराष्ट्रांत पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें तर १९६९ सालापासून असें केंद्र आहे. भारतांतील तें पहिलें. दोन्हींकडची वीज पश्चिम भारताच्या सामाईक तारांच्या जाळ्यांत येऊन मिसळते, आणि जळगांवच्या घरांतील दिवाहि त्याच जाळ्यावर जळतो. तेव्हां हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असें कोणी म्हणूं नये.

या केंद्रांची रचना एरवीं कोळशाच्या केंद्रासारखीच असते. उष्णतेनें पाण्याची वाफ करावयाची, वाफेनें टर्बाइनचें चाक फिरवावयाचें, आणि त्या चाकाला जोडलेल्या जनित्रांतून वीज काढावयाची. भेद आहे तो चुलींत. येथें कोळशाच्या ऐवजीं युरेनियमचे अणु फुटतात व त्या फुटण्यांतून उष्णता निघते. ही अणूंची माळ नियंत्रक कांड्या आंत सोडून दोन-चार सेकंदांत थांबवितां येते. परंतु फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनांत सांठलेले असतात ते स्वतः किरणोत्सर्गी असल्यामुळें पुढेंहि उष्णता टाकीतच राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणीं ही शेष उष्णता पूर्ण शक्तीच्या शेंकडा सहा-सात असते, तासाभरानें सुमारें दीड, आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें अर्धा. आंकडे लहान दिसतात. परंतु मूळ चूलच एवढी मोठी कीं, तिचा शेंकडा दीड म्हणजे हजारों किलोवॉट उष्णता होते. ती सतत पाण्यानें वाहून नेली नाहीं तर इंधन वितळूं लागतें. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें समुद्राच्या लाटांनीं वीज तोडली, पाणी फिरेनासें झालें, आणि बंद केलेल्या तीन भट्ट्या याच राखेखालच्या विस्तवानें वितळल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. अशा केंद्रांत आग लागली तर भिंती जळतील, यंत्रें जळतील, हें भय खरें. परंतु तें पहिलें भय नव्हे. विस्तवाला पाणी पोंचविणारे पंप आणि त्या पंपांना वीज पोंचविणाऱ्या तारा आगींत सांपडल्या तर काय, हें पहिलें भय होय.

आजोळचे दोन दोर

हा मुद्दा नीट समजावा म्हणून घरचीच एक गोष्ट सांगतों. ती आमच्या जन्मापूर्वींची. आजीच्या तोंडून ऐकलेली.

त्या काळीं वेंचणी झाली कीं कापूस घरांत येई, आणि बाजारांत जाईपर्यंत ओसरीलगतची एक खोली आढ्यापर्यंत भरलेली असे. कापसाची आग मोठी कपटी. पाणी ओतलें तर वरवर विझते व आंत तासन् तास धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली, त्या जहाजावर कापसाच्या हजारों गासड्या व दारूगोळा एकत्र भरलेला होता. पुढें जे स्फोट झाले त्यांत ६६ अग्निशामक जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजहि अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

आमच्या आजोळीं परसांत विहीर होती. आजोबा सावध वृत्तीचे; एक दोर तुटला तर अडूं नये म्हणून त्यांनीं दोन दोर व दोन पोहरे ठेविले होते. परंतु ओसरीवर पावसाचे शिंतोडे लागून दोर कुजतात म्हणून ते दोन्ही दोर त्या कापसाच्या खोलींत, दाराआडच्या एकाच खुंटीला टांगलेले असत. एका रात्रीं कोणाचा तरी धक्का लागून चिमणी कलंडली आणि कापसानें पेट घेतला. माणसें जागीं झालीं तोंवर खोलींत पाय ठेववेना. विहीर तुडुंब भरलेली, घरांत वीस-पंचवीस माणसें, आणि पाणी वर काढावयास कांहीं नाहीं! शेजारच्या पाटलांचीं मुलें मळ्याकडे धांवलीं व मोटेचा नाडा घेऊन आलीं. त्यानें घर वांचलें. परंतु तेवढ्या वेळांत वर्षाचा कापूस, धान्याच्या दोन कणग्या आणि मागें बांधलेलें एक वासरूं गेलें. त्या वासराचें ओरडणें आजीच्या कानांतून मरेपर्यंत गेलें नाहीं. ती म्हणे, "विहिरींत पाणी होतें, घरांत माणसें होतीं. दोर दोन होते रे, पण खुंटी एकच होती."

त्यानंतर आजीनें दुसरा दोर गोठ्याच्या पलीकडील भिंतीवर नेऊन टांगला. एवढ्यावर ती थांबली नाहीं. दर अमावास्येच्या रात्रीं, दिवा न घेतां, घरांतल्या एका सुनेनें जाऊन तो दोर काढावयाचा आणि एक पोहरा पाणी ओढावयाचें, असा तिनें दंडक घातला. गांवांत वीज आल्यावरहि तो चालू राहिला. लहानपणीं आम्ही या गोष्टीला हंसत असूं. आजी शांतपणें सांगे, "दोर भिंतीवर आहे हें दिवसा सर्वांनाच दिसतें. तो अंधारांत हाताला लागतो कां आणि भार धरतो कां, हें ओढल्यावांचून कळत नाहीं."

नरोऱ्याची पहांट

आतां नरोऱ्याची हकीकत ऐका. उत्तर प्रदेशांत, बुलंदशहर जिल्ह्यांत, गंगेच्या कांठीं हें केंद्र आहे. तेथील पहिली भट्टी १९९१ च्या आरंभीं व्यापारी उत्पादनास लागली. ३१ मार्च १९९३ रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास तिच्या टर्बाइनचीं दोन पातीं तुटून पडलीं. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या त्या चाकाचा तोल गेला आणि सारें यंत्र थरथरूं लागलें. जनित्र थंड राहावें म्हणून त्यांत हायड्रोजन वायु भरलेला असतो. हा वायु हवेंत शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कोणत्याहि प्रमाणांत मिसळला तरी पेट घेतो. थरथराटानें जोड निखळले, हायड्रोजन बाहेर पडून पेटला, त्याच्या जोडीला वंगणाचें तेल पेटलें, आणि टर्बाइनच्या इमारतींत आगीचा लोळ उठला.

कर्मचाऱ्यांनीं एका मिनिटाच्या आंतच अणुभट्टी बंद केली. जाळ विझला, उरला विस्तव. त्याला पाणी पोंचविण्यासाठीं केंद्रांत नेहमीची वीज होती, ती गेल्यास डीझेलच्या जनित्रांची वीज होती, तीहि गेल्यास विद्युत्घटांची व्यवस्था होती. कागदावर पाहिलें तर एकास एक पर्याय तयार. परंतु या निरनिराळ्या विजांच्या केबली कांहीं ठिकाणीं एकाच मार्गानें, एकमेकींच्या शेजारून नेलेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्यें आगीला अडविणारी भिंत नव्हती. आग त्या मार्गांत शिरली आणि कांहीं मिनिटांतच नेहमीची वीज व आपत्कालची वीज दोन्ही एकदम गेल्या. येथेंहि खुंटी एकच होती.

केंद्रांत अंधार झाला. हवा खेळविणाऱ्या नळांतून नियंत्रणकक्षांत धूर भरूं लागला व कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. भट्टीच्या आंत काय चाललें आहे हें दाखविणारे कांटे दिसेनासे झाले. तशा स्थितींत कांहीं कर्मचारी हातांत विजेऱ्या घेऊन अणुभट्टीच्या इमारतींत वर चढले व त्यांनीं हातानें झडपा उघडून बोरॉनचें द्रावण खालीं भट्टींत सोडलें. बोरॉन अणु फोडणारे न्यूट्रॉन गिळून टाकतो. त्यामुळें विझलेला जाळ पुन्हां पेटण्याची धास्ती राहिली नाहीं. द्रावण स्वतःच्या भारानेंच खालीं येईल अशी योजना असल्यामुळें त्याला विजेची गरज लागली नाहीं.

राहतां राहिला विस्तव. त्याला पाणी मिळालें तें आग विझविण्यासाठीं बसविलेल्या पंपांचें. हे पंप डीझेलच्या इंजिनावर चालत. जळालेल्या केबलींशीं त्यांचा संबंध नव्हता. त्यांचें पाणी वाफ करणाऱ्या भांड्यांत नेण्यांत आलें. इंधनाभोवतींचें पाणी, ऊन वर व थंड खालीं या निसर्गनियमानें, आपलें आपणच फिरत राहिलें आणि आंतली उष्णता त्या भांड्यांत आणून टाकीत राहिलें. मोठी आग सुमारें दीड तासांत विझली. वीज मात्र १७ तास परत आली नाहीं. त्या सतरा तासांत किरणोत्सर्ग बाहेर फांकला नाहीं व कोणासहि किरणांची इजा झाली नाहीं. अशा प्रसंगांच्या आंतरराष्ट्रीय सात पायऱ्यांच्या मापावर या घटनेची तिसरी पायरी ठरविली गेली.

कोट्यवधि रुपयांच्या यंत्रसामग्रींत त्या रात्रीं उपयोगीं पडलें तें एक साधें डीझेलचें इंजिन, एक गुरुत्वाकर्षण, आणि अंधारांत जिना चढणाऱ्या माणसांचें धैर्य. पाटलांच्या मोटेचा नाडा आम्हांला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

मेणबत्तीनें शिकविलेला धडा

हा धडा जगाला नवा होता असें मात्र नाहीं. नरोऱ्याच्या अठरा वर्षें आधीं, २२ मार्च १९७५ रोजीं, अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील ब्राउन्स फेरी केंद्रांत असाच प्रकार घडला होता. केबली भिंतींतून आरपार जातात तेथील भोकें बुजविण्याचें काम चाललें होतें. हवा कोठून झिरपते हें पाहण्यासाठीं कामगार मेणबत्तीची ज्योत भोकाजवळ धरीत व ती कोणीकडे झुकते तें बघत. भोकें बुजविण्याचें द्रव्य सच्छिद्र व ज्वालाग्राही होतें. एके ठिकाणीं हवेच्या ओढीनें ज्योत आंत खेंचली गेली आणि त्या द्रव्यानें पेट घेतला. आग सुमारें सात तास जळत होती. १६०० हून अधिक केबली जळाल्या, व भट्टी सुरक्षित राखणारीं अनेक साधनें एका वेळीं निकामी झालीं. विजेच्या तारांवर पाणी मारावें कीं नाहीं या वादांत कित्येक तास गेले; शेवटीं पाणी मारलें तेव्हां आग थोड्याच वेळांत विझली.

परीक्षा घेण्याच्या चुकीच्या रीतीनेंच आग लागावी, यापेक्षां मोठा उपरोध कोणता! परंतु अमेरिकेनें त्यापासून बोध घेतला. १९८० सालीं तेथें नियम झाला कीं, भट्टी सुरक्षितपणें बंद करून थंड राखणाऱ्या दोन पर्यायी व्यवस्थांच्या केबलींमध्यें तीन तास आग रोखील अशी भिंत पाहिजे. किंवा वीस फूट मोकळें अंतर पाहिजे, ज्यांत जळण्यासारखें कांहीं नसेल, व तेथें आग ओळखणारीं आणि आपोआप विझविणारीं साधनें पाहिजेत. किंवा तींच साधनें ठेवून एका व्यवस्थेला एक तास टिकणारें आवरण तरी पाहिजे. थोडक्यांत, दुसरा दोर दुसऱ्या भिंतीवर.

हें ज्ञान नरोऱ्याची भट्टी पेटण्यापूर्वीं छापून प्रसिद्ध झालेलें होतें. तरी तेथें केबली एका मार्गांत राहिल्या, हें खेदानें नमूद केलें पाहिजे. दुसऱ्याचें घर जळालेलें पाहून आपली खुंटी बदलणारे लोक थोडे; बहुतेकांना स्वतःचें वासरूं जावें लागतें. नरोऱ्यानंतर मात्र आपल्याकडे कसून पाहणी झाली. १९८३ सालीं स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळानें १९९६ मध्यें अग्निसंरक्षणाचें स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें आणि २०१० मध्यें तें सुधारून पुन्हां काढलें.

तीन तटबंद्या

या सर्व नियमांचा गाभा तीन गोष्टींत सांगतां येईल.

पहिली तटबंदी, आग लागूंच न देण्याची. तेल, चिंध्या, लांकूड, रंग यांचा सांठा मोजका व ठराविक जागीं. केबलींचें वेष्टन सहसा न पेटणारें व थोडा धूर करणारें. तेलाच्या रोहित्रांमध्यें भिंती, व सांडलेलें तेल जिरावें म्हणून खालीं खडीनें भरलेले खड्डे. कोठें झाळकाम करावयाचें तर लेखी परवाना पाहिजे. काम चालूं असतां एक मनुष्य नुसता पहाऱ्याला, आणि काम संपल्यावरहि कांहीं वेळ तो तेथेंच बसून राहिला पाहिजे. कारण ठिणगी कोठें लपली आहे हें लगेच दिसत नाहीं.

दुसरी तटबंदी, लागलेली आग तत्काळ ओळखून विझविण्याची. छतावर धूर व उष्णता ओळखणारे पहारेकरी बसविलेले असतात. कित्येक ठिकाणीं पाण्याच्या नळाच्या तोंडाशीं द्रवानें भरलेली कांचेची नळी असते. सामान्यतः ६८ अंश सेंटिग्रेडला ती फुटते आणि पाणी आपोआप बरसूं लागतें. रोहित्रांवर चोहोंकडून फवारे, तेलासाठीं फेंस, आणि विजेच्या कांहीं बंद खोल्यांत कार्बन-डाय-ऑक्साइड वायु. हा वायु आगीबरोबर माणसालाहि गुदमरवितो, म्हणून तो सुटण्यापूर्वीं भोंगा वाजलाच पाहिजे. पाण्याचे सांठे दोन, पंप निदान दोन. एक विजेवर तर दुसरा डीझेलवर, आणि दोघांच्यामध्यें भिंत. पाण्याचा मोठा नळ केंद्राभोवतीं कड्यासारखा फिरविलेला असतो. गांवाला वेढा घालणाऱ्या रस्त्याप्रमाणें, एका बाजूला अडथळा आला तर पाणी दुसऱ्या बाजूनें येतें.

तिसरी तटबंदी, विझली नाहीं तर तिला कोंडण्याची. समजा, एका खोलींतील सर्व कांहीं जळून गेलें. तरी भट्टी बंद राहील व थंड राहील इतकीं साधनें दुसरीकडे शाबूत असलींच पाहिजेत. या तटबंदीचें बळ जाड भिंतींत आहे तितकेंच तिच्या भोकांत आहे. केबलीसाठीं पाडलेलें वितभर भोंक उघडें राहिलें, किंवा अग्निरोधक दार कोणी सोयीसाठीं वीट लावून उघडें ठेविलें, तर तीन तासांची भिंत तीन मिनिटांची होते.

अमावास्येची परीक्षा

परंतु वाचकहो, ही सर्व सामग्री बसविली म्हणजे काम संपलें असें नव्हे; खरें काम तेथून सुरू होतें. टर्बाइन रोज चालतें, म्हणून तें बिघडलें कीं लगेच कळतें. आगीचा पंप वर्षानुवर्षें उभा असतो. तो बिघडला आहे हें आगीच्या दिवशींच कळावयाचें. म्हणून त्याची आग नसतां परीक्षा घ्यावी लागते.

अमेरिकेंतील नियमसंहितेप्रमाणें, जी इतरत्रहि प्रमाण मानली जाते, डीझेलचा पंप दर आठवड्याला निदान अर्धा तास चालवून पाहावयाचा. वर्षांतून एकदां त्याच्याकडून नेमल्याच्या दीडपट पाणी काढावयाचें, आणि तेवढ्या ओढींतहि दाब नेमलेल्या दाबाच्या शेंकडा ६५ च्या खालीं जातां कामा नये. इंजिन सुरू करण्यासाठीं विद्युत्घटांचे दोन स्वतंत्र संच. एकानें न चाललें तर दुसरा. नळांच्या झडपा उघड्या आहेत कीं नाहींत हें हात लावून पाहावयाचें. धूर ओळखणाऱ्या यंत्रापाशीं खरोखर धूर नेऊन तें ओरडतें कां तें ऐकावयाचें.

भिंतींची परीक्षा तर फारच कठोर. भिंतीचा किंवा आवरणाचा नमुना भट्टींत उभा करतात. पांच मिनिटांत उष्णता ५३८ अंशांवर, एका तासांत सुमारें ९२७ अंशांवर, तीन तासांत १०५० अंशांच्या पुढें नेतात. आणि अशा लाल तापलेल्या भिंतीवर शेवटीं पाण्याचा जोराचा झोत मारतात. त्यांतून जी उभी राहील ती भिंत. ही परीक्षा शब्दशः घेतली पाहिजे, याचा दाखला अमेरिकेंतच मिळाला. तेथील पुष्कळ केंद्रांत केबलींभोवतीं एक आवरण वापरलें होतें. तें एक तास, तीन तास टिकतें असा दाखला होता. पुढें पुन्हां नीट परीक्षा घेतल्यावर कांहीं मांडण्यांत तें तितकें टिकत नाहीं असें आढळलें, व १९९२ सालीं तेथील नियामकांनीं सर्व केंद्रांना सावध केलें. दाखला हातांत होता. आवरण खोटें निघालें.

परीक्षेलाहि शिस्त हवी. एक पंप दुरुस्तीला काढला असतां दुसऱ्याला हात लावावयाचा नाहीं. दोन्ही दोर एकाच दिवशीं धुवावयास काढूं नयेत. एखाद्या खोलींतील धूर ओळखणारें यंत्र बंद असेल तर तें सुरू होईपर्यंत तेथें डोळस मनुष्य फिरता ठेवावयाचा. केंद्राच्या अग्निशामक दलाची कवायत पूर्वसूचना न देतां, आणि केव्हां केव्हां रात्रींहि व्हावयाची. दिवसा, सांगून घेतलेल्या कवायतींत सर्वच शूर असतात. प्रत्येक परीक्षेची नोंद वहींत होते व नियामक मंडळाचे तपासनीस ती पाहतात. तरीहि वहींतली सही म्हणजे पाणी नव्हे. पंप न चालवितां 'चालविला' असें लिहिणारा मनुष्य हा चिमणी कलंडविणाऱ्यापेक्षां अधिक अपराधी. त्याचा धक्का चुकून लागलेला असतो, याचा तसा नसतो.

आपल्या घरांतहि हा विचार निरुपयोगी नाहीं. मोठ्या घराला दोन जिने असतात, पण मागच्या जिन्यावर जुन्या ट्रंका रचलेल्या असतात. दोन किल्ल्या असतात, पण एकाच जुडग्यांत. भिंतीवर अग्निशामक नळकांडें असतें. त्याचा कांटा हिरव्यांत आहे कीं तांबड्यांत हें घरांतल्या किती जणांस ठाऊक आहे? विजेचा मुख्य खटका कोणता आणि सिलिंडर कोठें बंद करावयाचा, हें केवळ कर्त्या पुरुषास ठाऊक असून भागत नाहीं. आग लागते तेव्हां तो बहुधा कचेरींत असतो.

मळ्यांतून परत आल्यावर चार दिवसांनीं अमावास्या आली. आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. विहिरीवर आतां विजेची मोटर आहे, आणि दोर गोठ्याच्या भिंतीवर नुसता टांगलेला असतो. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं त्या मुलीला जुना दंडक सांगितला. ती आपल्या आजीचें बोट धरून अंधारांतून गेली, चांचपडत तिनें दोर शोधून काढला, आणि दोघींनीं मिळून पोहरा आंत सोडला. वर ओढतांना अर्ध्यावर दोर तुटला व पोहरा धप्पदिशीं पाण्यांत पडला. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, माझ्यामुळें तुटला."

"तुझ्यामुळें तुटला नाहीं," आम्हीं म्हणालों, "तुझ्यामुळें कळला."

दुसऱ्या दिवशीं सकाळींच जळगांवच्या बाजारांतून नवा दोर आणविला.